पाठमोरा मुरलीधर

१७ जानेवारी

काल सकाळी बंगल्यावर गेल्यावर आधी हातपाय धुतले, दिवाणखान्यातली काचेची शोकेस उघडली आणि तिच्यातला मुरलीधर दोन्ही हातांनी उचलून नव्या पंच्यात गुंडाळला. बरोबर दही-पोह्यांची पुडी, एक सुपारी आणि दारातल्या तगरीची फुलं घेतली. मोटारसायकलच्या डिकीत देव ठेवणं बरं वाटेना, म्हणून पिशवी गळ्यात अडकवून छातीशी धरली आणि तुंगार्लीहून हळूहळू मळवलीपर्यंत आलो. पुलाच्या वरच्या अंगाला इंद्रायणीचा डोह आहे. आमच्या भाजे गावातले गणपती तिथंच जातात. मांडीभर पाण्यात उतरलो, हळद-कुंकू वाहिलं आणि त्याला सोडला. तोंडातून सवयीनं "परत या" निघालं. गणपतीला म्हणतो तेच.

मातीचा गणपती जाताना थोडा डुलतो, पाण्यात रंग सोडतो. ह्यानं रंग सोडला नाही. एकदा गुळगुळ आवाज केला आणि सरळ तळाला गेला. पांढरा असल्यामुळं बराच वेळ खाली दिसत राहिला. मग माझ्याच पायांनी गाळ उठला आणि दिसेनासा झाला.

हे नीट लिहून ठेवतो. साहेब दरवर्षी मला डायरी द्यायचे आणि म्हणायचे, रोज लिही असं नाही, पण काही केलंस तर लिही. साहेबांना जाऊन दोन वर्षं होत आली.

बंगला साहेबांचा, मी तिथं राखणीला. साहेब कारखान्यात मोठे इंजिनियर होते, परदेशी जायचे. तिकडून त्यांनी तीन देव आणले होते. लक्ष्मी, सिंहासनावरचा गणपती आणि वीतभर उंचीचा हा मुरलीधर. तिन्ही चिनी मातीचे. साहेबांच्या पत्नी माधवीबाई त्याला पोर्सेलीन म्हणतात. माझी बायको नंदा त्यांना कपबशीचे देव म्हणते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा "च्याला बोलावल्यात व्हय?" असं ती साहेबांच्या तोंडावर म्हणाली होती आणि साहेब पोट धरून हसले होते.

त्यांची पूजा कुणी करत नव्हतं. बाईंचा देव्हारा स्वयंपाकघरात, त्यात टाक आणि पितळी अन्नपूर्णा. शोकेसमधले देव नुसते शोभेचे, असं बाईच म्हणायच्या. पण समोर कृष्ण उभा असताना त्याच्यावरून फडकं फिरवून पुढं जाणं मला जमलं नाही. बंगला बंद असला की मी रोज तिघांपुढं एकेक फूल ठेवत आलो. बाई यायच्या असल्या की काच पुसून ठेवायचो. त्यांना ते माहीत नसावं.

परवा शोकेस साफ करायला तिन्ही मूर्ती खाली काढल्या. मुरलीधर नेहमी जरा पाठ करून, भिंतीकडं वळून उभा असायचा. मला वाटायचं, मांडण्याची ती एक तऱ्हा. हातात घेतल्यावर दिसलं, बासरीवरची करंगळी नाही. मोडलेल्या जागी धूळ बसली होती.

बाई महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन आहे. घरात खंडित देव आणि घरधनीण दवाखान्यात, मला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्या देवळाची पूजा धोंडिबा आबा बघतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "खंडित हाय न्हवं? मग ठिवू नगं. पान्यात सोड. घरच्या मानसाला भोगावं लागतं."

बाईंना फोन करणार होतो. पण ऑपरेशनच्या तोंडावर देव मोडल्याचं कसं सांगायचं, म्हणून केला नाही.

१९ जानेवारी

ऑपरेशन चांगलं झालं. बाईंच्या लेकीचा, अनिताताईंचा फोन आला. "काका, आई शुद्धीवर आली. चहा मागतेय." मी नदीच्या दिशेनं हात जोडले.

नंदा म्हणाली, "डाक्टरलाबी जोडा की वाईच."

४ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन आलो. बंगल्यातले चिकू, गवती चहा आणि घरचा इंद्रायणी तांदूळ नेला होता. बाई आता अनिताताईंच्या फ्लॅटवर आहेत. खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पुढ्यात वॉकर.

"काय रे श्रीपती, वाळलास. नंदा जेवायला घालत नाही का?"

"घालती की. तुमी चालाय लागला का?"

"ह्या घोड्याला धरून. मी त्याला फिरवते का तो मला, कळत नाही."

मग बागेचं विचारलं, पलीकडच्या कुत्रीला पिल्लं झाली का ते विचारलं. मग मी स्वतःहून सांगितलं. खरं तर तेच सांगायला गेलो होतो. बाईंना बरं वाटेल असं मनात होतं. मूर्ती खंडित झाली होती, आबांना विचारलं, नवा पंचा घेतला, दही-पोहे दिले, सगळं रीतीनं केलं, आणि लगेच तुमचं ऑपरेशन सुखरूप झालं, असं सगळं सांगत गेलो.

बाईंनी मध्येच विचारलं, "कुठला? मुरलीधर?"

"व्हय."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाठ करून उभा होता ना रे तो."

"जरा वळलेला असायचा."

"मीच ठेवला होता तसा. ह्यांना तो हात दिसू नये म्हणून."

तेवढ्यात अनिताताई चहा घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं आणि ट्रे टेबलावर ठेवला. "काका, निदान विचारायचंत तरी. जपानहून येताना बाबांनी अख्खा प्रवास तो मांडीवर धरला होता. सामानात टाकला नव्हता."

"अनू, त्याला बोलू नकोस," बाई म्हणाल्या.

वस्तू महागाची होती हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, "बाई, तसला दुसरा कुटं मिळत असंल तर सांगा."

बाई हसल्या. हसू नुसतं ओठांवर होतं. "दुसरा कशाला? तोच आणून दे की. उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा बघशील का?"

मी म्हणालो, "न्हाई बाई. दही-पोहे देऊन लावून दिलेला देव परत आणत न्हाईत. घराला बरं नसतं ते."

हे मी अगदी ठाम सांगितलं. देवाधर्माच्या गोष्टीत बाई माझं ऐकतात.

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच राहिला. निघताना वाकून नमस्कार केला तर नेहमीसारखं "सावकाश जा, गाडी हळू चालव" म्हणाल्या.

५ फेब्रुवारी

नंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्यांच्या घरातला चमचा उचलायचा तरी इचारता. आन् देव उचलला?"

"खंडित होता."

"व्हता. पन त्यांचा व्हता."

मी ताट पुढं ओढलं.

२१ फेब्रुवारी

आज शोकेस पुसली. मुरलीधराच्या जागी काचेवर गोल डाग राहिला आहे, पुसला तरी जात नाही. त्याच्या मागे बाईंचा चांदीचा कुंकवाचा करंडा असतो. काळा पडला होता म्हणून राखेनं घासायला घेतला आणि झाकण उघडलं. आत कुंकू नव्हतं. कापूस होता, आणि कापसात ते बोट. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, टोकाला नखसुद्धा काढलेलं.

ते मी तळहातावर घेऊन पाहिलं.

साहेबांचे हात शेवटच्या वर्षी फार कापायचे. पेला धरता यायचा नाही. पण सकाळी ऊन आलं की ते मुरलीधर मागायचे. मी शोकेस उघडून द्यायचो. दोन्ही हातांनी धरून ते तो खिडकीशी न्यायचे. एकदा मला हाक मारली. "इकडे ये. बोटं बघ त्याची." मी बघितलं. उन्हात धरल्यावर त्या बोटांमधून उजेड दिसत होता. हाताच्या पंजामागं बॅटरी धरली की आपलं बोट आतून उजळतं, तसा. "पितळेतून येतो का असा? दगडातून?" साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, उजेड देवातनं आपल्याकडं यायला पायजे. खिडकीतला त्याच्यात गेला तर काय उपेग?"

"तू कीर्तनाला जात होतास तेव्हा मी कारखान्यात होतो," ते म्हणाले. "मला एवढाच देव कळतो."

खिडकीला लोखंडी गज आहेत. हात कापताना कधीतरी मूर्ती गजाला लागली असणार. मग आठवलं, शेवटचे काही आठवडे साहेबांनी मुरलीधर मागितला की बाई म्हणायच्या, "आज राहू दे, पुसायला काढलाय." मी तिथंच उभा असायचो. मी तो पुसायला काढलेला नसायचा. बाई असं का म्हणतात, ते मी विचारलं नाही.

म्हणजे बोट मोडल्याचं बाईंनी साहेबांना कळू दिलं नाही. साहेब गेल्यावरही त्यांनी तो तसाच पाठमोरा ठेवला.

करंडा न घासता होता तसा ठेवला.

२६ मार्च

एकवीरेची यात्रा झाली. कार्ला फाट्यापासून गाड्यांची रांग, मला बंगल्यावर पोचायलाच उशीर झाला. बाईंचा फोन आला. आधी विचारलं, यात्रा कशी झाली, पालख्या गेल्या का. मग म्हणाल्या, "नदीचं पाणी उतरलं का रे?"

"न्हाई अजून."

"बघशील का? तुला नको वाटत असेल तर राहू दे. मी आपलं विचारते."

खरं तर पाणी उतरायला लागलं होतं. मी पुलावरून रोज जातो, पण डोहाकडं बघत नाही.

संध्याकाळी आबांकडं गेलो. त्यांना बोटाचं, करंड्याचं, साहेबांचं सांगितलं. आबा तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "वाईट झालं. पन त्येला जेवन देऊन लावून दिला न्हवं? मग वाटंतनं कसा बोलावतुयास?"

"बाईंचा जीव हाय त्याच्यात, आबा."

"चिनी माती म्हंजी मातीच की. इरघळून गेला आसंल आतापत्तर. कशाला जिवाला लावून घेतुयास?"

हे ऐकून मला हलकं वाटलं. विरघळला असेल तर माझ्या हातात काहीच नाही. घरी येताना दोनतीनदा मनात आलं की कपबशी कधी विरघळलेली पाहिली नाही. तो विचार मी पुढं जाऊ दिला नाही.

२० एप्रिल

आज दिसला.

डोह आटून काठाला चिखलाचा पट्टा पडला आहे. मागच्या भाद्रपदातले गणपती उघडे पडलेत. प्लास्टरचे, कुणाची सोंड गेलेली, कुणाच्या हातातून तार बाहेर आलेली, सगळ्यांचे रंग उतरलेले. त्यांच्या पलीकडं, घोटाभर पाण्यात, मुरलीधर आडवा पडला होता. एका कुशीवर, झोपल्यासारखा. पितांबर पिवळा होता तसाच पिवळा. मोरपिसाचा निळा डोळा तसाच. इतके महिने पाण्यात राहून त्याचा काडीइतकासुद्धा रंग गेलेला नाही. बासरीही शाबूत.

चार पावलं टाकली असती तर हाताला आला असता. मी टाकली नाहीत. काठावर चप्पल काढून उभा राहिलो, नमस्कार केला आणि बंगल्यावर गेलो.

आम्ही गणपती मातीचा करतो, तो परत माती व्हावा म्हणून. आला तिकडं गेला, म्हणून तर आपण रडत नाही. ह्याला जाताच येत नाही. मी त्याला लावून दिला आणि तो तिथंच थांबला आहे.

२२ एप्रिल

बाईंचा फोन. "श्रीपती, दिसला का रे?"

मी म्हणालो, "न्हाई बाई. इरघळला आसंल."

त्या हसल्या, ह्या वेळी खरंच हसल्या. "अरे वेड्या, पोर्सेलीन विरघळत नाही. भट्टीत इतकं तापवतात की त्याची माती राहतच नाही. हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं ह्यांनी. दुसरं काही बोलायला सुचायचं नाही ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "वाहून गेला असेल. ह्यांना पोहायला फार आवडायचं. राहू दे त्याला नदीत. तू सांगितलंस ते बरोबरच होतं. लावून दिल्यावर मागे बोलवू नये. मी उगाच तुला त्रास देत होते."

मग नंदाचे गुडघे कसे आहेत ते विचारून फोन ठेवला.

मी बाईंना खोटं सांगितलं, आणि त्यांनी त्यावर मलाच समजावलं. माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं. ते ऐकताना ते माझं आहे असं वाटलं नाही.

११ मे

रोज जाताना थांबतो. शनिवार-रविवारी भाज्याची लेणी बघायला येणारी माणसं नदीवरही उतरतात, कुणीतरी उचलून नेईल ह्या भीतीनं त्याच्याभोवती गोटे रचले आहेत. वरून एक चपटा दगड ठेवला. दगडावर रोज तगरीचं फूल.

नंदाच्या लक्षात आलं. "बंगल्यावर जाता का नदीवर? चपला चिखलानं भरल्याल्या असत्यात."

तिला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती नुसती म्हणाली, "म्हंजी नदीत त्येची पूजा चालती आन् बाईस्नी देवाय येत न्हाई. हे कुटलं शास्त्र?"

"विसर्जन झालेला देव घरात..."

"त्ये ऐकलंय मी. आबाचं ऐकलं, तुमचं ऐकलं. बाईचं कोन ऐकणार?"

मी तिला म्हणालो, बाई आता विचारत नाहीत, त्यांनी सोडून दिलंय. नंदानं माझ्याकडं पाहिलं आणि गोठ्यात गेली.

आज खरं लिहितो. देवाची भीती थोडी आहे. त्याहून जास्त भीती ही की मी बाईंपुढं जे इतकं ठाम बोललो, ते मागं घ्यावं लागेल. बाई माझं ऐकतात, ह्याचा मला आतून मान वाटायचा.

पुढच्या महिन्यात बाई बंगल्यावर राहायला यायच्या आहेत. आल्या की त्यांना नदीवर घेऊन जावं, लांबून दाखवावं, असं ठरवतो आहे. म्हणजे आणलाही नाही आणि दाखवलाही.

३० मे

अनिताताईंचा फोन सकाळीच आला. बाईंना झटका आला, पाच दिवस झाले. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलंय, आता घरीच जे काय ते.

"मला तवाच का सांगितलं न्हाई?"

"काका, मला काही सुचतच नव्हतं." मग म्हणाल्या, "तुम्ही येऊन जा. ओळखते की नाही सांगता येत नाही. पण या."

बंगल्याचे पडदे धुवायला काढले होते, बाई येणार म्हणून. ते ओलेच बादलीत राहिले.

फेब्रुवारीत मागितला तेव्हा बाई बोलत होत्या. मार्चात बोलत होत्या. एप्रिलात तो माझ्यापासून चार पावलांवर होता आणि बाई फोनवर हसत होत्या.

३१ मे

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. वर लोणावळ्याला कालपासून पाऊस लागला आहे, नदीला लाल पाणी यायला लागलं. संध्याकाळी पुलावरून पाहिलं, चपटा दगड अर्धा बुडाला होता.

घरी येऊन ओट्यावर बसलो. नंदा तांदूळ निवडत शेजारी बसली.

"त्येला सोडताना तुमी काय म्हनाला व्हता?"

"काय म्हणणार? काही मंत्र मला येत न्हाई."

"काय तरी म्हनाला असाल की."

मी आठवून सांगितलं, "परत या, म्हणालो. गणपतीला म्हणतो तसं."

"मग?" ती म्हणाली. "तुमीच त्येला परत ये म्हनाला. त्यो बिचारा कवाधरनं येऊन बसलाय काठाला. तुमीच न्हाई म्हनताय."

तिनं तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. मी उठून डायरी काढली आणि जानेवारीतलं पान वाचलं. खरंच लिहून ठेवलं आहे.

२ जून

काल उजाडताच नदीवर गेलो. आबांना विचारलं नाही.

दगड दिसत नव्हता. पाणी लाल आणि ओढीचं. काठावरचे गणपती वाहून गेले होते. अंदाजानं उतरलो, कमरेएवढ्या पाण्यात पायांनी चाचपत गेलो. गोटे लागले, पण ते माझे की नदीचे ते कळेना. एकदा पाय सरकून पडलो, नाकातोंडात पाणी गेलं. चपट्या दगडाला अंगठा ठेचला तेव्हा कळलं. वाकून, डोकं पाण्याखाली घालून, दगड सारला आणि हात आत घातला. तो तिथंच होता. चिखलानं धरून ठेवला होता, ओढावा लागला.

काठावर बसून मी त्याला म्हणालो, "लावून दिलं ते माझं चुकलं. आता चल."

घरी आणला. पायाखाली एक बारीक छिद्र आहे, त्यातून गाळ आत भरला होता. गालावर आणि कुरळ्या केसांत शेवाळ. मी धुवायला घेतला तर नंदानं हातातून काढून घेतला. "सोडा. कपबशा धुवायची सवय मला हाय." तिनं कोमट पाणी केलं, मऊ फडकं घेतलं, बासरीच्या खालून, बोटांच्या मधून, एकेक ठिकाण हलक्या हातानं धुतलं. आतला गाळ निघायला फार वेळ लागला. पाणी स्वच्छ पडायला लागलं तेव्हा तिनं त्याला पदरानं टिपला आणि देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवला. रात्रभर आमच्या घरात होता. दिवा लावला.

आज सकाळी बंगल्यावरून करंडा घेतला आणि पुण्याची लोकल धरली. बसायला जागा होती. मुरलीधर मांडीवर धरला.

अनिताताईंनी दार उघडलं. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी ओळखलं आणि बाजूला झाल्या.

बाईंचा पलंग खिडकीला लावला आहे. चेहरा एका बाजूला ओढलेला, केस कापलेले. डोळे उघडे होते. मी म्हणालो, "बाई, मी श्रीपती. आणलाय." डोळे हलले नाहीत. मी त्यांच्या डाव्या हाताला मूर्ती लावून पाहिली. बोटं मिटली नाहीत. करंडा उघडून दाखवला. त्यांचं बघणं माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी होतं.

तेव्हा मी उठलो आणि साहेब धरायचे तसा तो दोन्ही हातांनी खिडकीशी धरला. पावसाळी ऊन होतं, येऊन-जाऊन. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. पाण्यातून आणल्यामुळं आतला उजेड गेला की काय, असं मनात आलं. मग ढग सरकला. बासरीवर तीन बोटं आहेत त्या हाताची. तिन्ही उजळली. चौथ्याच्या जागी पांढरा खोडका आहे, तोही जरासा.

"बाई, बघा," मी म्हणालो. "साहेब दाखवायचे ते."

त्यांनी पाहिलं का, मला सांगता येत नाही. अनिताताई म्हणतात, आईचे डोळे दिवसभर असेच पाणावतात. मी हात खाली घेतला नाही. ऊन गेलं तरी धरून उभा राहिलो, परत आलं तेव्हाही. माझे हात कापायला लागले तेव्हा अनिताताई म्हणाल्या, "काका, बसा आता."

टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या सरकवून त्यांनी जागा केली. पिशवीत तगरीची फुलं होती, त्यातलं एक काढलं. मुरलीधर तिथं ठेवला आणि फूल त्याच्यापुढं वाहिलं. त्यानं पाठ केली नाही. मोडका हात पुढं, तोंड बाईंकडं, असा ठेवून आलो.